पाचव्या मजल्याचं पाणी

माझी धाकटी बहीण निएवेस डोंगरापलीकडे वेगारोंदात राहते. मधे एकच डोंगर आहे, बसने पंचवीस मिनिटं लागतात. तिचं जे काही असतं ते माझ्यापेक्षा दोन बोटं वर असतं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. तिचे केस दाट. तिच्या परसातल्या लीकचे, म्हणजे त्या लांब पातीच्या कांद्याचे, दांडे मनगटाएवढे. माझ्या लग्नात गारा पडल्या आणि तिच्या लग्नात असं लख्ख ऊन पडलं की पाद्रीबाबाही आभाळाकडे बघत राहिले. लोक म्हणतात, ऑलिव्हा, सख्ख्या बहिणीबद्दल असं बोलू नये. ज्यांना बहीण नाही त्यांना हे म्हणायला काय जातं?

एका गोष्टीत मात्र मी तिच्या वर होते. माझ्या नवऱ्याचा पंप चालू होता आणि तिच्या नवऱ्याचा बंद पडला होता.

आमच्या कार्बायालची कोळशाची खाण नऊ वर्षांपूर्वी बंद झाली, वेगारोंदाची त्याच्याही दोन वर्षं आधी. कोळसा काढणं थांबलं तरी खाणीत पाणी झिरपायचं थांबत नाही. ते उपसलं नाही तर खाण बुडते. खाण बंद झाली तेव्हा अकराशे माणसं घरी गेली. दिव्यांच्या खोलीत बावीस वर्षं कामगारांना दिवे वाटणारी मीही घरी गेले. पण माझा नवरा बेलार्मिनो राहिला, कारण तो पंपवाला. पाणी वर आलं तर आमच्या खालच्या आळीतली तळघरं भरतील, म्हणून कंपनीने एक पंप चालू ठेवला होता. वेगारोंदा उंचावर आहे, तिथे कुणाचं काही भिजणार नव्हतं. तिथले पंप सात वर्षांपूर्वी बंद केले, आणि तिथला पंपवाला, म्हणजे निएवेसचा नवरा लावदेलिनो, परसात लीक लावत बसला.

खाणवाल्यांच्या गावात बुडालेली खाण म्हणजे लाज. घरातली म्हातारी उपाशी गेली असं चारचौघांत निघावं, तशी. मी त्या लाजेवर सात वर्षं मीठ चोळलं. रविवारी दोन्ही घरं सायडरच्या गुत्त्यात एकत्र बसायची. आमच्याकडे सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, एकाच पेल्यातून सगळे पितात. बाटली डोक्यावर धरायची, पेला कमरेखाली, आणि घोटभर ओतून पुढच्याला द्यायचा. लावदेलिनो ओतायला लागला की मी विचारायची, "काय लावदेलिनो, खाणीत मासे कितपत मोठे झाले?" तो हसायचा. निएवेस हसायची नाही. मला तेवढं पुरायचं.

बेलार्मिनोचा पंप म्हणजे आमच्या गावातली चालू असलेली शेवटची गोष्ट होती. शाळेत एकोणीस मुलं उरली होती, सिनेमा थिएटरात गवत साठवत. पण पंपाची घरघर जमिनीतून घराघरांत यायची. माझ्या स्वयंपाकघरात कपात ठेवलेला चमचा बारीक थरथरायचा. रोज सकाळी बेलार्मिनो डबा घेऊन कामावर जायचा, आणि त्याच्या वयाचे बाकीचे पुरुष चौकातल्या बाकांवर बसून त्याच्याकडे बघायचे. पंप गेला असता तर त्या बाकावर त्याचीही जागा ठरलेली होती. मला याचीच भीती होती.

गेल्या वसंतात ऊर्जावाल्यांचं पत्र आलं. दोन्ही खोऱ्यांतली घरं, दवाखाने, शाळा गरम ठेवील आणि कारखान्यांनाही ऊब पुरवील असा मोठा प्रकल्प ते एका जुन्या खाणीवर उभारणार होते. कार्बायाल किंवा वेगारोंदा, दोन्हींतलं एकच. जूनमध्ये तज्ज्ञ येऊन खाणींची स्थिती तपासणार होते.

आमचा नगराध्यक्ष एर्मिनियो. तो पूर्वी कोळसा फोडायचा, त्याचा आवाज अजून तिथलाच आहे. त्याने युनियनच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. खाणीची स्थिती तपासणार म्हणजे काय तपासणार? चांगली खाण कोणती? कोरडी खाण. त्या हॉलमधल्या दोनशे माणसांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आम्ही चार पिढ्या पाण्याशी भांडलो होतो. एर्मिनियो म्हणाला, वेगारोंदाची तर खाण नाही, तळं आहे, तिथे मशीन काय होडीत ठेवणार? सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

एकटा बेलार्मिनो कान खाजवत होता. तो म्हणाला, पत्रात पाण्याचं तापमान आणि पाण्याचं प्रमाण असं दोनदा लिहिलंय, जरा विचारून घेऊ या. एर्मिनियो म्हणाला, बरोबर आहे, किती पाण्याशी झगडायचं ते त्यांना आधी कळायला नको? आपण दाखवू की झगडायला पाणीच नाही. घरी आल्यावर मी बेलार्मिनोला म्हणाले, चौतीस वर्षं पाणी काढलंस, कुणी बघितलं नाही, आता एकदा सगळ्यांना दाखव. ते माझंच वाक्य होतं, मी ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालत नाही.

त्याने बंद पडलेला दुसरा पंपही दुरुस्त करून चालू केला. सहा आठवडे दोन्ही पंप दिवसरात्र चालले. एवढं पाणी नदीत पडायला लागलं की सकाळी नदीवर वाफ दिसायची. खोलातलं पाणी गरम असतं, हे आम्हाला नवीन नव्हतं. बायका सतरंज्या घेऊन काठावर आल्या. मी घरातली सगळी ब्लँकेटं धुतली, स्वच्छ होती तीही. निएवेस आली होती, तिने चपला काढून पाय बुडवले आणि म्हणाली, "ताई, तुमची नदी तर चक्क गरम आहे गं."

"आमच्याकडे वाया जातं तेही गरमच जातं," मी म्हणाले. या वाक्यावर मी दोन दिवस खूश होते.

तज्ज्ञ आले त्या दिवशी पंपघराला चुना लावला होता, दारात जिरेनियमच्या कुंड्या होत्या, बॅगपाइपवाला बोलावला होता. बेलार्मिनोच्या कोटाला मी इस्त्री केली होती. चौघे आले. त्यांची मुख्य एक किडकिडीत इंजिनीअर बाई होती, पाठीवर शाळेच्या पोरीसारखं दप्तर. तिने खाणीच्या तोंडातून मोजपट्टी खाली सोडली. पट्टी जात राहिली, जात राहिली आणि संपली.

"पाणी कुठे आहे?" तिने विचारलं.

"एक थेंब नाही, बाईसाहेब," बेलार्मिनो म्हणाला. आमच्या लग्नातसुद्धा तो इतका ताठ उभा राहिला नव्हता.

बाई हसली नाही. किती दिवस उपसताय, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं. मग ती नदीवर गेली, वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिथे माझ्या शेजारणीची सतरंजी दगडावर पडली होती.

"आम्हाला हेच हवं होतं," ती म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. बुडालेली खाण म्हणजे वर्षानुवर्षं चुलीवर ठेवलेलं पातेलं. ते पाणी थोडं थोडं वर घ्यायचं, त्यातली ऊब काढून घ्यायची आणि पाणी परत खाली सोडायचं. कोळसा नाही, धूर नाही. आमचं पातेलं आता रिकामं होतं, भरायला दोन वर्षं लागली असती आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. ती हे फार हळू आवाजात सांगत होती, एखाद्याच्या घरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखी. बॅगपाइपवाल्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, म्हणून तो वाजवतच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते आम्ही बाजा लावून केलं.

दुसऱ्या दिवशी ते वेगारोंदाला गेले. तिथे चुना नव्हता, कुंड्या नव्हत्या. लावदेलिनो परसातून उठून मातीच्या हातांनी आला आणि म्हणाला म्हणे, पाणी ना, आहे की, हवं तेवढं घ्या. सात वर्षं ज्यांनी काही केलं नाही त्यांना सगळं मिळालं. निएवेसचा फोन आला, "ताई, ऐकलंस का?" मी म्हणाले, दूध उतू जातंय, नंतर बोलते. गॅसवर दूध नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पेपरात लावदेलिनोचा फोटो आला, हातात लीक. ऊर्जावाल्यांनी त्याला पाण्यावर लक्ष ठेवायला कामावर घेतलं, बासष्टाव्या वर्षी. वेगारोंदाचं औषधाचं दुकान आता दुपारीही उघडं राहायला लागलं. आमच्या बेकरीवाल्याच्या मुलाने लग्न केलं आणि घर कुठे घेतलं? वेगारोंदात. निएवेसने नवे पडदे केले, पिवळे. मी बसमधून ते बघितले आणि घरी येऊन माझे पडदे काढून पेटीत टाकले. आठ दिवस उघड्या खिडक्यांनी राहिले, मग मुकाट्याने तेच परत लावले.

सप्टेंबरात त्यांची शेवटची चाचणी होती. तीन आठवडे वेगारोंदाच्या खाणीतलं पाणी वर घ्यायचं, परत सोडायचं आणि पातळी टिकते का ते बघायचं. एर्मिनियोने गावात सांगितलं, तिथली पातळी टिकली नाही तर यादीत दुसरं नाव आपलंच आहे, त्यांना परत यावंच लागेल. यात किती तथ्य होतं देव जाणे. मी मात्र ते घट्ट धरलं.

चाचणी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेलार्मिनो जेवायला बसला आणि म्हणाला, दोन्ही पंप अजून चालूच आहेत, जूनपासून मी एकही बंद केला नाही.

मी विचारलं, मग?

"पाचवा मजला," तो म्हणाला.

खाणीत मजले खाली मोजतात. चाळीस वर्षांपूर्वी आमचे आणि वेगारोंदाचे बोगदे पाचव्या मजल्यावर एकमेकांना येऊन मिळाले. दोन बाजूंनी खणत आलेली माणसं मधला शेवटचा हातभर दगड फोडतात, तेव्हा पहिल्या भोकातून सायडरची बाटली पलीकडे द्यायची अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी भोकातून पलीकडचा हात आला, त्यात बाटली होती. तो हात लावदेलिनोचा. अलीकडे बाटली घेणारा बेलार्मिनो. नंतर वर मोठं जेवण झालं आणि तिथेच आम्हा दोघी बहिणींची लग्नं ठरली. भोकाच्या या बाजूचा मला मिळाला, त्या बाजूचा तिला. पुढे तो बोगदा ढासळला आणि लोक विसरले. पण ढिगाऱ्यातून पाणी झिरपतं. आमच्याकडे दोन पंप ओढत राहिले तर वेगारोंदाचं पाणी आमच्याकडे येणार, आणि त्यांची पातळी रोज वीतभर उतरणार. हे जगात दोन पंपवाल्यांना ठाऊक होतं, आणि त्या संध्याकाळपासून मला.

"उद्या दोन्ही बंद करतो," बेलार्मिनो म्हणाला. "चाचणी नीट व्हायची तर आपलं पाणी उभं राहायला हवं."

"मग परत कधी सुरू करणार?"

"कधीच नाही. तिकडे ते उपसायला लागले की आपल्याकडचं पाणीही तेच सांभाळतील. आपल्या पंपाचं काम संपलं."

मला चौकातला बाक दिसला. "तुला बंद करायला कुणी सांगितलंय?" मी विचारलं.

"नाही."

"मग तू तुझं काम करतोयस. चौतीस वर्षं करतोस तेच."

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ते हेच, ऑलिव्हा."

"नाक तर जूनमध्येच कापून झालंय," मी म्हणाले. "आता अपशकुन तरी होऊ दे."

त्याने पंप बंद केले नाहीत. तो माझ्याशी पंपाबद्दल बोलायचा तेवढा बंद झाला. वेगारोंदाहून येणारी प्रत्येक बस बातमी आणायची. पातळी उतरतेय. इंजिनीअर बाई झोपत नाही. आणखी वीतभर उतरली. मला आनंद होत होता, सरळ सांगते. मी दालचिनी घालून दूधभात केला, शेजारी वाटला, आणि कशाबद्दल असं कुणी विचारलं तर सहज म्हणून सांगितलं. बेलार्मिनोने त्यातला चमचाभर खाल्ला.

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी निएवेस आली. फोन न करता आली. हातात लीकची पिशवी. नेहमीसारखा गालाला गाल लावला नाही, तशीच स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती विनवण्या करील, मग मी म्हणेन, कंपनीने सांगितल्याशिवाय पंप बंद करता येत नाही. ती रडेल, मग मी म्हणेन, जूनमध्ये आम्हाला रडताना बघायला कोण आलं होतं? मी कॉफी ठेवली. तिच्या कपातला चमचा थरथरत होता. तिने त्याच्यावर बोट ठेवून तो थांबवला.

"लावदेलिनोला तिसऱ्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "बाई विचारते पाणी जातं कुठे, तर हा सांगतो, यंदा उन्हाळा कोरडा गेला."

"कोरडा? आपल्याकडे?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्या उन्हाळ्यात एकूण सहा दिवस छत्री घरी राहिली होती.

"त्याला खोटं बोलायला कधी जमलंच नाही," निएवेस म्हणाली, आणि आम्ही दोघी जरा हसलो.

"खरं सांगायचं होतं मग," मी म्हणाले. "बेलार्मिनोचं नाव सांगून मोकळं व्हायचं."

"मी तेच म्हटलं. तो म्हणतो, बेलार्मिनोला पंप बंद कर असं मी सांगणार नाही. मला सांगितलं होतं तेव्हा काय झालं ते मला माहीत आहे."

मी म्हणाले, काय झालं होतं? लीक लावले की.

निएवेसने चमच्यावरचं बोट काढलं. चमचा परत थरथरायला लागला.

"उत्तरेचा वारा सुटला ना, ताई, की तुमच्या पंपाचा आवाज आमच्या घरात येतो. सात वर्षं येतोय. हा जेवता जेवता उठतो आणि खिडकी लावतो. ऑगस्टमध्ये घामाने भिजून जेवलोय आम्ही. तास तास वाफ्यात बसायचा, बोलायचा नाही. आणि रविवारी तू त्याला मासे विचारायचीस."

"मला काय माहीत?"

"तुला कसं सांगणार? तुझा नवरा सकाळी डबा घेऊन कामावर जायचा. बस चौकात थांबली की मला तो दिसायचा, हातात डबा, घाईत. मला तो डबासुद्धा बघवायचा नाही. मी परत जाताना वाटभर म्हणायची, हिचं सगळं चांगलं, हिचंच सगळं चांगलं." तिने पिशवीतले लीक काढून टेबलावर ठेवले. "मी काही मागायला आले नाही. अकरा चाळीसची बस आहे."

ती गेली. कॉफी तशीच होती.

जन्मभर मला एकच गोष्ट हवी होती. निएवेसने माझा हेवा करावा, एकदा तरी करावा. ती सात वर्षं करत होती आणि मला पत्ता नव्हता. दैव देतं, कर्म नेतं, ते असं. पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या, खोटं का बोलू? हिला माझा डबा बघवत नव्हता! मग मला ती बंद खिडकी दिसली. ऑगस्टचा उकाडा, टेबलाशी बसलेला लावदेलिनो, आणि डोंगरावरून येणारी घरघर, जी मला झोप यावी म्हणून हवी असायची. मासे कितपत मोठे झाले, असं मी विचारायची आणि तो हसून पेल्यात ओतायचा. पहिला घोट मला द्यायचा.

मी बेलार्मिनोचा डबा भरला आणि पंपघराकडे गेले. तो स्टुलावर बसून फडक्याने नळी पुसत होता. एरवी डबा तोच सकाळी घेऊन जातो, त्या दिवशी न घेताच गेला होता. मी त्याला सगळं सांगितलं, खिडकीचंही. तो पुसतच राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"लावदेलिनो बोलला होता?"

"तो कशाला बोलेल? पंपवाला आहे तो. त्याला काय होत असेल ते मला कळत नाही?"

"मग तू चालू का ठेवलास?"

"तू म्हणालीस म्हणून." मग त्याने फडकं खाली ठेवलं. "आणि मलाही बंद करवत नव्हता. ते मी तुझ्यावर ढकललं."

त्याने आधी डबा खाल्ला, सावकाश, पावाच्या तुकड्याने तळ पुसून. मग उठून पहिला पंप बंद केला, आणि माझ्याकडे न बघता दुसरा. पंपघरात मला माझा श्वास ऐकू आला. चौतीस वर्षांत मी तिथे कधी इतकी शांतता ऐकली नव्हती. पाणी पडायचं थांबलं तशी बाहेर नदीवरच्या बायकांची बोलणीही थांबली.

त्याने गळ्यातला पितळी बिल्ला काढला आणि माझ्या हातावर ठेवला. खाणीत उतरताना कामगार दिवा घेतो आणि परत आला की दिवा आणि बिल्ला दोन्ही दिव्यांच्या खोलीच्या खिडकीत देतो. बिल्ला आकड्याला लटकला म्हणजे माणूस वर आला. बावीस वर्षं मी सगळे आकडे भरल्याशिवाय घरी गेले नव्हते. बेलार्मिनोचा, दोनशे चौदा नंबरचा आकडा तेवढा रिकामा राहिला होता. जुन्या दिव्यांच्या खोलीला कुलूप नाही, तिथे आता कोंबड्या शिरतात. मी जाऊन बिल्ला लटकवून आले.

अकराव्या दिवशी वेगारोंदाची पातळी थांबली, आणि चौदाव्या दिवशी वर यायला लागली. पाचव्या मजल्यावरून आमच्याकडे येणारं पाणी थांबलं होतं. प्रकल्प त्यांचा झाला. एर्मिनियोने चौकात भाषण केलं, आपल्यावर अन्याय झाला म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खरं काय ते गावात कळलं असतं तर मला दुकानात पाव मिळाला नसता. नदी पुन्हा थंड झाली. शेजारीण सतरंजी घेऊन गेली, पाण्यात हात घातला आणि तशीच परत आली.

बेलार्मिनो बाकावर बसायला लागला. तिसरी जागा, कारंज्याकडून. मी बाजारात दुसऱ्या रस्त्याने जायला लागले.

फेब्रुवारीत एक दिवस दक्षिणेचा वारा आला. गरम वारा, म्हणून मी खिडकी किलकिली केली होती. आम्ही लवकर जेवायला बसलो होतो. तेव्हा डोंगरावरून घरघर ऐकू आली. आमच्या पंपापेक्षा बारीक, नवी. वेगारोंदाचं मशीन सुरू झालं होतं. बेलार्मिनोचा चमचा थांबला. तो उठला आणि खिडकीकडे गेला. मी ताटात बघत राहिले. म्हटलं, आता आपली पाळी.

त्याने खिडकी सताड उघडली आणि डोकं बाहेर काढलं.

"बेअरिंग कोरडं चाललंय," तो म्हणाला.

"इथून कळतं?"

"डावीकडचं. लावदेलिनोला ऐकू येत नसेल, तो अगदी जवळ बसतो ना." त्याने खुंटीवरची टोपी घेतली. "बस कितीची?"

"बारा चाळीसची. जेवून तरी जा."

त्याने एक पाय बुटात घातला होता. मला निएवेसचं स्वयंपाकघर दिसलं, पिवळे पडदे, आणि त्या टेबलाशी बसलेला माझा नवरा. तिच्या हातचे राजमे माझ्यापेक्षा चांगले होतात, हे तो कधी बोलला नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतो. मी त्याच्या ताटातलं सगळं डब्यात भरलं, वर चोरिसो सॉसेजचा मोठा तुकडा ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. डबा सप्टेंबरपासून फडताळात पडून होता, मी तो पदराने पुसावा तसा एप्रनने चकचकीत पुसला.

"निएवेसकडे जेवायला बसू नकोस," मी म्हणाले. "हा घेऊन जा. आणि आत शिरताना तिला दिसेल असा धर."